अर्ध्या मिनिटाचा पोल्का

आयरिश संगीतात पोल्का या नाचाच्या चालीला फारसा मान नाही. रील ही दुसरी, भरभर सुरांची नाचाची चाल वाजवणारा तो खरा वादक आणि पोल्का म्हणजे नवशिक्याचा हात बसावा म्हणून द्यायची चाल, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. चाल दिसतेही तशीच. 16 मात्रांचा एक भाग, 16 मात्रांचा दुसरा, दोन्ही दोन-दोनदा वाजवायचे की झाल्या 64 मात्रा. मिनिटाला 130 च्या आसपास ठोके हा नाचाचा वेग धरला, तर अर्ध्या मिनिटात सगळा ऐवज संपतो. आपल्याकडे तेवढ्यात तानपुराही नीट लागत नाही.

माझं मत वेगळं आहे. रील बोटांनी निभावून नेता येतो, पोल्का नाही.

कॉर्क आणि केरी या दोन काउंट्यांच्या सीमेवर श्लीव लूखरा नावाचा दलदलीचा, लव्हाळ्यांचा मुलूख आहे. बोहेमियातून निघालेला हा नाच एकोणिसाव्या शतकात युरोपभर फिरून आयर्लंडला पोचला आणि या भागात मुरला. इथल्या सेट डान्समध्ये चार जोड्या चौकोनात समोरासमोर उभ्या राहतात, आणि त्यांना नाचवायला पोल्केच लागतात. पॉड्रिग ओ'कीफ (1887–1963) हे इथले गुरुजी. आधी शाळामास्तर होते. 1920 मध्ये ती नोकरी गेली आणि मग घरोघरी जाऊन फिडल, म्हणजे व्हायोलिन, शिकवू लागले. चाल लिहून देण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती: पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांमधल्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्यांत कुठलं बोट ठेवायचं त्याचे आकडे. म्हणजे ही परंपरा निव्वळ कानावर चालली असं समजून हळवं होण्याचं कारण नाही. पण आकड्यांतून सूर कळतात. ठेका गुरुजींसमोर बसूनच उचलायचा.

आता गुरुजी नाहीत, रेकॉर्डिंग आहे. त्यांचे शिष्य डेनिस मर्फी आणि जूलिया क्लिफर्ड या भावाबहिणीची 1969 ची रेकॉर्ड माझ्या फोनवर कायम असते. तीवरून टिन व्हिसलवर, म्हणजे उभी धरून फुंकायच्या धातूच्या छोट्या बासरीवर, पोल्के उतरवायचे म्हणजे पहिली अडचण अशी की दोघं फिडल वाजवतात. मधूनच एक फिडल खालच्या सप्तकात उतरतं, दुसरं वरच राहतं, आणि आपला कान कधी याच्या मागे जातो, कधी त्याच्या. शिवाय फिडलची सगळ्यात जाड तार पार खालच्या जी या सुरापर्यंत जाते. डी सुराच्या व्हिसलचा तळ डी-लाच लागतो. त्याखाली काही नाही. म्हणून फिडल खाली गेलं की आपण तेवढा तुकडा उचलून वर ठेवायचा, आणि वर ठेवल्यावर तो मूळचाच वाटेल अशी सोय करायची. हे कोणी शिकवत नाही, त्यामुळे यात मजा फार.

थोडी बासरी शिकलेल्या माणसाची तर आणखी गंमत होते. दोन्हीकडे बोटांची भोकं सहाच. पण बासरीवर वरची तीन झाकली की सा, आणि व्हिसलवर सहाच्या सहा झाकली की डी, म्हणजे डी सुरातल्या चालीचा सा. त्यामुळे डी-मधला पोल्का वाजवताना बोटं सतत परक्या घरात असल्यासारखी वागतात. चाल जी-मध्ये आली की मात्र वरची तीन भोकं झाकून सा मिळतो आणि सगळं ओळखीचं होतं. फक्त शुद्ध मध्यम तेवढा जपायचा: बासरीत पहिलं भोक अर्धं झाकायची सवय, इथे त्या वेगात पहिलं उघडं सोडून दुसरं-तिसरं झाकणं बरं. मींडेचा मोह तर आवरावाच लागतो. पोल्क्यात मींड घेतली की नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहील.

वेग कमी करून ऐकायची सोय जुनी आहे. टेप निम्म्या गतीने फिरवली किंवा 33⅓ ची रेकॉर्ड 16⅔ वर लावली, की चाल निम्म्या वेगात आणि बरोबर एक सप्तक खाली ऐकू येई. आता फोनवरची ॲप सूर न बदलता वेग उतरवतात. मीही उतरवतो. बारीक कण, दोन सुरांमध्ये उडवलेलं बोट, गजाचा झटका, सगळं स्वच्छ दिसतं. पण चालीतली उसळी गायब होते. या मुलखात मात्रेच्या दुसऱ्या अर्ध्यावर वजन पडतं, आणि तो भाग किंचित आधी किंवा किंचित उशिरा येतो. निम्म्या वेगात ती चक्क चूक वाटते. माणूस प्रामाणिकपणे दुरुस्त करतो आणि पोल्क्याचा बँडबाजा होतो. म्हणून सूर हळू वेगात उचलावेत आणि ठेका पूर्ण वेगातच, तोही हातात व्हिसल न घेता.

नॉकनग्री गावातल्या डॅन कॉनेलच्या पबमध्ये अकॉर्डियनवादक जॉनी ओ'लिअरी वर्षानुवर्षं सेट डान्ससाठी वाजवत. तसं वाजवताना वादकाला ताल धरायचा नसतो, तो फरशीवरून येतो. नाच चालू असताना केलेलं एखादं रेकॉर्डिंग मिळालं तर सुरांकडे दुर्लक्ष करून खालचे बूट ऐकावेत. स्वच्छ स्टुडिओतल्या रेकॉर्डपेक्षा मला अशी गोंगाटाची रेकॉर्डिंग जास्त उपयोगी पडली आहेत.

श्वासाचं मात्र कुठलंही रेकॉर्डिंग सांगत नाही, कारण फिडलवाल्याला नाकाने आरामात श्वास घेता येतो. व्हिसलवाल्याला एखादा सूर गाळावाच लागतो. मुख्य ठोक्यावरचा गाळला तर लंगडं होतं. वाक्याच्या शेवटी थांबावं तर दर वेळी तिथेच धाप ऐकू येते. चांगले वादक जागा बदलत राहतात: एका फेरीत इथला सूर सोडतील, पुढच्या फेरीत तिथला, आणि पोकळीच ठेक्याचा भाग होऊन जाते. एका पोल्क्याच्या दुसऱ्या भागात मला अशा तीन जागा सापडल्या आहेत. चौथी हवी आहे, कारण चाल तीनदा वाजवल्यावर न थांबता पुढची सुरू करायची असते. रेकॉर्डवरची पुढची चाल माझ्या बोटांना पाठ आहे. सेशनमध्ये, म्हणजे वादकांनी जमून वाजवायच्या बैठकीत, मात्र अकॉर्डियनवाले आजोबा दर वेळी भलतीच काढतात आणि माझ्याकडे बघून खुशाल हसतात.