माइक चालू होते, आवाजच नव्हता

४ मे २०२४, कोलकाता. विवेकानंद युवा भारती क्रीडांगण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं सॉल्ट लेक. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना: मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. प्रेक्षक बासष्ट हजार. माझ्याकडे काम मैदानी आवाजाचं. घरी टीव्हीवर बॉलचा ठोका, रेफरीची शिट्टी आणि स्टँडमधला गलका कॉमेंट्रीच्या मागे ऐकू येतो, तो मिसळायचा.

त्या संध्याकाळी मैदानात तटस्थ असं काहीच नव्हतं. बागानने सप्टेंबरमध्ये ईस्ट बंगालला हरवून ड्युरंड कप घेतला होता. १५ एप्रिलला याच मैदानात याच मुंबईला २-१ हरवून साखळीत पहिल्या येणाऱ्याची लीग शील्ड नेली होती, गुण ४८ विरुद्ध ४७. आता तिसरा चषक आणि तोही घरच्या मैदानावर. प्रेक्षक सामना बघायला आले नव्हते, चषक न्यायला आले होते. आवाजाच्या माणसाला हे आधी कळलेलं बरं, कारण त्यावरून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठरतो.

मांडणी नेहमीचीच. मैदानाभोवती बारा गन माइक, म्हणजे समोरचंच ऐकणारे लांबट माइक: प्रत्येक गोलमागे दोन, दोन्ही टचलाइनवर चार-चार. माइकचा स्टँड जेमतेम फूटभर उंच, तोंड मैदानाकडे, जाहिरातीच्या एलईडी फलकांच्या पुढे. मागे ठेवले तर फलकांच्या पंख्यांची घरघर येते आणि बॉलचा ठोका अर्धा अडतो. प्रत्येकावर केसाळ टोपी, कारण वाऱ्याची साधी झुळूकही माइकमध्ये ढगासारखी गडगडते. शिवाय गोलच्या जाळ्याच्या मागच्या खांबाला एकेक छोटा माइक. गलक्यासाठी वरच्या स्टँडच्या कठड्याला माइकांच्या तीन स्टिरिओ जोड्या: दोन्ही लांब बाजूंना एकेक, तिसरी गोलमागे.

या जोड्या जवळच्या प्रेक्षकापासून निदान दहा-पंधरा मीटर लांब हव्यात. जवळ बांधल्या तर बासष्ट हजारांऐवजी एकच माणूस ऐकू येतो, आणि तो बहुधा शिव्याच देत असतो. गोलमागे ढोल असेल तर ती जोडी आणखी बाजूला सरकवावी लागते, नाहीतर नव्वद मिनिटं फक्त ढोल.

सॉल्ट लेकची खरी अडचण म्हणजे धावपट्टी. प्रेक्षक मैदानापासून लांब बसतात. अंधेरीत मुंबई सिटीचे सात-आठ हजार प्रेक्षकही टचलाइनच्या माइकमध्ये थेट शिरतात. इथे साठ हजारांचा आवाज सांडत सांडत पोहोचतो. समोरासमोरच्या दोन जोड्यांमध्ये समजा १४० मीटर अंतर आहे. मेच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर. म्हणजे एका बाजूची टाळी दुसऱ्या बाजूच्या माइकात ०.४ सेकंद उशिरा. दोन्ही सारख्याच उघड्या ठेवल्या की प्रत्येक टाळी दोनदा वाजते आणि सामना विहिरीत चालल्यासारखा वाटतो. उपाय सोपा: मुख्य कॅमेऱ्याच्या बाजूची जोडी धरायची, समोरची आठ-दहा डेसिबल खाली ठेवायची, गोलमागची फक्त त्या टोकाला खेळ असताना वर न्यायची.

सामना सुरू झाला की डावा हात बॉलच्या मागे. खरं तर बॉलच्या पुढे. लांब किक हवेत दोन-तीन सेकंद असते. तेवढ्यात जिथे पडणार तिथल्या माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, उघडायचा. एकावेळी एक किंवा दोन माइक पूर्ण, बाकीचे वीस डेसिबल खाली. सगळे उघडे ठेवणाऱ्याला बॉल मिळत नाही, नुसती चाळीतल्या नळावरची गर्दी मिळते. उजवा हात गलक्यावर.

गलक्याला चढ-उतार असतात, आणि जिंकायची सवय लागलेल्या संघाचा गलका वेगळा असतो. नवख्या संघाचे प्रेक्षक कॉर्नर मिळाला तरी ओरडतात. बागानचे प्रेक्षक कॉर्नरला फक्त सरसावून बसतात. पण पास मागे गेला की एक खर्जातली कुरकुर उठते, हुंकारासारखी, आणि ती शिट्ट्यांपेक्षा जास्त बोलते. प्रतिस्पर्ध्याकडे बॉल असताना शिट्ट्या; त्यांची धार दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये असते, कॉमेंट्रीतले शब्द जिथून कळतात नेमक्या तिथेच. तो भाग तीन डेसिबल उतरवावा लागतो. कुरकुरीला मात्र हात लावू नये. ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर पुरे. दोनशेपर्यंत नेला तर कुरकुरीचं अंग जातं आणि गर्दी पत्र्याच्या डब्यात बसवल्यासारखी होते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीची मॅच ज्याने ऐकली असेल त्याला ही कुरकुर शिकवायला नको. पेठेचा संघ मागे बॉल खेळला की तिथेही हेच ऐकू येतं, फक्त शब्द जास्त स्पष्ट असतात.

४४व्या मिनिटाला बागानच्या पेट्राटोसचा फटका मुंबईचा गोलकीपर लाचेनपाकडून सुटला आणि कमिंग्सने तो जाळ्यात ढकलला. गोलची गर्जना नेहमीच्या गलक्यापेक्षा वीस डेसिबल उसळू शकते, म्हणून गलक्याच्या माइकांना सुरुवातीलाच तेवढी मोकळी जागा द्यायची. ज्याने दिली नसते तो मीटर लाल झाला की घाबरून फेडर ओढतो, आणि घरी बसलेल्याला ऐकू येतं की गोल झाल्यावर लोक गप्प झाले. आमची जागा पुरली.

५३व्या मिनिटाला मुंबईच्या नोगेराच्या उंच पासवर पेरेरा दियाझने बरोबरी केली. आवाज पडला, पण पाचेक सेकंदच. मग परत चढला, आधीपेक्षा वर. मात्र जात बदलली होती. टाळ्यांची लय तुटली, कुरकुर लवकर येऊ लागली. बॉल मागे जायच्या आधीच, खेळाडूने मान वळवली तरी. मैदानात बागानच्या लिस्टन कोलासोसारखा सरळ धावणारा माणूस असेल तर त्याच्या पायात बॉल पडताच आवाज उठतो आणि त्याने थांबून मागे दिला की तेवढाच खाली येतो. हा आवाज पाठीवर घेऊन खेळणं सोपं नाही, एवढं हेडफोनमधूनही कळतं.

८१व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. मुंबई २-१.

दोन-तीन सेकंदांत टॉकबॅकवर, म्हणजे कंट्रोल रूमशी बोलायच्या लाइनवर, विचारणा झाली: "ऑडिओ, क्राउड कुठे गेला? लाइन बघ." प्रश्न रास्त होता. तिन्ही जोड्यांचे मीटर एकदम खाली बसले होते, आणि एकाच वेळी तीन जोड्या बसल्या की आधी स्टेजबॉक्स, म्हणजे माइकांच्या तारा एकत्र येतात तो डबा, किंवा त्याच्या केबलवर संशय घ्यायचा असतो. तपासायचा क्रम ठरलेला. एकेक जोडी फक्त हेडफोनमध्ये ऐकायची, बाहेर जाणाऱ्या मिश्रणाला न हलवता. तुटलेली लाइन पूर्ण मुकी असते किंवा कडकडते. इथे तसं काही नव्हतं. लांबून गाड्यांचे हॉर्न, कुणाचा तरी खोकला, वर उडणाऱ्या ड्रोनसारखी बारीक भणभण, म्हणजे फ्लडलाइटच्या बाजूची वीज. माइक चालू होते. बासष्ट हजार माणसं गप्प होती.

खरी चूक दुसरीकडे होती आणि ती आमचीच. मैदानी आवाजाच्या बसवर, म्हणजे गलक्याचे आणि टचलाइनचे माइक एकत्र येतात त्या वाटेवर, एक कॉम्प्रेसर होता, मोठा आवाज दाबून लहान वर आणणारा. गर्जनेला तो बरा. शांततेत मात्र तो हळूहळू हात सोडतो आणि मागचं सगळं फुगवून पुढे आणतो. त्यामुळे टचलाइनच्या माइकांमधून मुंबईच्या राखीव बाकावरचा आरडाओरडा अचानक तोंडावर आला, जणू स्टेडियम मुंबईचंच. कॉम्प्रेसर बायपास केला, बाकाजवळचे दोन फेडर उतरवले, गलका आहे तसा ठेवला. टॉकबॅकवर सांगितलं, लाइन ठीक आहे. मागच्या एका सामन्यातला गलका टेपवरून हळूच वाजवावा, अशी सूचना आली. कोविडच्या काळात गोव्यातल्या रिकाम्या मैदानांवर आवाज बाहेरून घालणं भाग होतं, ते ठीक. भरल्या मैदानात गप्प बसलेल्या लोकांच्या तोंडी आवाज घालणं म्हणजे खोटी साक्ष. ती टेप वाजली नाही.

नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, सातव्या मिनिटाला, मुंबईच्या वोइतुशने तिसरा गोल केला. त्याचा आवाज सगळ्यात स्वच्छ आला तो जाळ्यामागच्या छोट्या माइकवर: बॉल जाळ्यात अडकल्याची सळसळ, सुक्या पाचोळ्यासारखी. गलक्याच्या जोड्यांमध्ये तोवर पायऱ्यांवरची पावलं होती.

चषकाच्या वेळी मैदानातले मोठे स्पीकर आणि फटाके. तेव्हा बारापैकी दहा गन माइक बंद ठेवायचे, नाहीतर स्पीकर पुन्हा माइकात शिरून घुमतो. मुंबईचा कर्णधार राहुल भेकेने चषक उचलला तो क्षण व्यासपीठाजवळच्या दोनच माइकांवर गेला.

नंतर केबल गुंडाळणं, पीळ न देता, एक वेटोळं सरळ, एक उलट. केसाळ टोप्या कोलकात्याच्या दमट हवेने भिजून जड झाल्या होत्या. तशाच पेटीत भरल्या तर दोन दिवसांत बुरशी धरतात, म्हणून हॉटेलच्या खोलीत पंख्याखाली ओळीने वाळत घातल्या.