बंपरचे अर्धे पैसे

परवा मोहोळजवळ हायवेला दादाच्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं. माणसं सुखरूप आहेत, हे आधी सांगतो.

आज दुपारभर होटगी रोडच्या गॅरेजात होतो. विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर आले, चेसिस नंबर जुळवला, डिकी, बंपर, टेललाइट एकेक लिहून घेतलं. तोवर मेकॅनिकने एक स्क्रूही सोडवला नव्हता. बरोबरच आहे, सर्व्हेआधी गाडी खोलली की क्लेम अडकायची भीती.

साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याची घट, कापतात. काचेवर कापत नाहीत, पत्र्याचा गाडीच्या वयावर ठरतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आपल्या खिशातून. एस्टिमेट हातात धरून वहिनी विचारत होत्या, "मग विमा भरला कशाला?" झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतली असती तर हा घसारा बहुतेक वाचला असता. पॉलिसी विकताना हे कुणी नीट सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. सर्व्हेअरनी मात्र वहिनींना शेजारी बसवून ओळ न् ओळ समजावली.

पलीकडे एक पार चेपलेली गाडी उभी होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. दादाची त्यातून वाचली. मंजुरी आली की काम सुरू.