होग्ला: बाई की गाव?

बायबलमधल्या नावांच्या याद्या वर्गात घेतल्या की मुलं पानं उलटायला लागतात. दोष त्यांचा नाही. गणना पुस्तकाचा २६वा अध्याय रविवारी उपासनेत वाचणारा पाळक मी क्वचितच पाहिलाय. बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात, मग मंडळीलाही वाटतं की तिथे काही नाही. पाळक होऊ घातलेल्या मुलामुलींना हिब्रू शिकवणं हे माझं काम, आणि ही बेपर्वाई मला फार खुपते.

म्हणून मी यादी आधी देत नाही, खापरं देतो. म्हणजे शोमरोनच्या, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याच्या जुन्या राजधानीच्या, खापरांची रेखाटनं. १९१० साली हार्वर्डच्या उत्खननात तिथल्या राजवाड्याच्या आवारात शंभराच्या आसपास लिहिलेली खापरं निघाली. त्यांतली साठेक वाचता येतात. तेव्हा तिथे उस्मानी राज्य होतं, त्यामुळे ती इस्तंबूलला गेली. काळ इसवी सनपूर्व आठवं शतक, बहुतेकांच्या मते दुसऱ्या यराबाम राजाचा. मजकूर निव्वळ सरकारी: राजाच्या कारकिर्दीच्या अमुक वर्षी, अमुक ठिकाणाहून, अमक्याच्या नावे, जुन्या द्राक्षारसाचा एक बुधला.

वाचायला मात्र घाम फुटतो. छापील हिब्रूची चौकोनी अक्षरं इथे नाहीत, स्वरचिन्हं नाहीत, शाई पुसट झालेली. शब्दाशब्दामध्ये एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की निम्मं काम झालं. नवव्या आणि दहाव्या वर्षाच्या खापरांवर वर्ष अक्षरांत लिहिलंय, पंधराव्याच्या खापरांवर मात्र इजिप्शियन वळणाचे आकडे, आणि मुलं नेमकी तिथे अडतात. २०२० मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने यांतल्या ३१ खापरांचं हस्ताक्षर संगणकाने तपासलं, तेव्हा ती बहुधा दोनच कारकुनांनी लिहिली असावीत असं दिसलं. आधी त्या कारकुनाच्या हाताची सवय करून घ्या, शब्द नंतर, असं मी दरवर्षी सांगतो.

त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी पंधराव्या वर्षाचं खापर लावत बसली होती. अक्षर अक्षर जुळवून तिने वाचलं: होग्लाकडून, हानानसाठी. मग मान वर करून विचारलं, "सर, ही सलाफहादाची होग्ला का?"

इतकी वर्षं मी हे नाव फळ्यावर लिहून दाखवत आलोय. कुणी स्वतः ओळखल्याचं मला आठवत नाही.

सलाफहाद हा मनश्शेच्या, म्हणजे इस्राएलच्या एका वंशातला, हेफेराचा मुलगा. त्याला मुलगे नव्हते. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि वडिलांचं वतन आम्हाला द्या म्हणाल्या. ते मिळालं. यहोशवाच्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात मनश्शेची जी कुळं येतात, त्यांतली अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, शमीदा ही पाच खापरांवर आहेत. हेफेर नाही. त्याच्याऐवजी त्याच्या दोन नाती आहेत, नोआ आणि होग्ला. ही त्या वेळी माल पाठवणाऱ्या भागांची नावं होती.

हे मी सांगितलं आणि वर्गात वाद पेटला. एक मुलगा म्हणाला, "मग बाया नव्हत्याच, सर. गावं होती. कुणीतरी त्यांची गोष्ट केली." त्याचं म्हणणं हलकं नव्हतं. तिरसा हे तर राजधानीचं शहर, शोमरोन वसण्याआधीचं. शिवाय याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. गणनात शखेम आणि शमीदा दोघेही मनश्शेचा नातू गिलाद याचे मुलगे, यहोशवात मनश्शेचे, आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात शखेम चक्क शमीदाचा मुलगा. कुळांचं नातं बदललं की वंशावळही बदलायची, असं अभ्यासक मानतात, आणि मीही मानतो.

त्यावर ती मुलगी म्हणाली, "मग गणनाचा ३६वा अध्याय कशासाठी? वतन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून यांनी आपल्याच वंशात लग्नं करावीत, असं तिथे ठरतं. गावांची लग्नं कोण ठरवतं?"

मुलाकडे उत्तर होतं: दोन कुळं एक झाली की तेही लग्न म्हणूनच सांगता येतं. तेही खरं. पण नियम वाचताना मला कुळं दिसत नाहीत. जमीन हातची जाईल म्हणून धास्तावलेले चुलते दिसतात.

खोलीत चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने मला सुनावलं की असल्या गोष्टींनी मुलांचा विश्वास डळमळतो. मला हे मुळीच पटत नाही. त्या दोघांनी त्या दिवशी हा अध्याय जितक्या बारकाईने वाचला, तितका आमच्यातल्या कितीतरी जणांनी सेवेच्या उभ्या आयुष्यात वाचला नसेल.

तिचा निबंध आता माझ्याकडे आलाय. हेफेराचं नाव का मागे पडलं आणि नातींची का टिकली, हा विषय तिने स्वतः निवडला. तिचं म्हणणं असं, की जमीन ज्यांच्या नावावर चढली, त्यांचंच नाव त्या भागाला लागलं. साठ खापरांवरून हे सिद्ध होत नाही, तसं मी समासात लिहिलंय. खोडून काढायलाही माझ्याकडे काही नाही, आणि अजून गुण दिलेले नाहीत.