आज मुलं बूट टाकतील

मी साउंडवाला. अमेरिकेतल्या बफेलो शहरात माझ्याकडे चर्चची कामं बरीच येतात, आणि त्यात लग्नांपेक्षा अंत्यविधीच जास्त. काम सोपं असतं. फादरना कॉलर माइक, वाचनाच्या जागी एक स्टँड, ऑर्गनला हात लावायचा नाही. २०२३ च्या नोव्हेंबरातलं एक काम मात्र इतकं सरळ गेलं नाही.

वारलेले फादर ९१ वर्षांचे होते. साठच्या दशकात ते एका कॅथलिक हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि शुक्रवारी रात्री तिथल्या जिममध्ये मुलामुलींचे डान्स भरवायचे. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मासमध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, एक रेकॉर्ड वाजवायची होती. संगीत बघणाऱ्या बाईंनी जागीच नकार दिला. मासमध्ये असली गाणी चालत नाहीत, हे मलाही माहीत होतं. शेवटी ठरलं की मास चर्चमध्ये, जेवण जिममध्ये आणि रेकॉर्डही तिथेच.

खरं सांगायचं तर, मुलांमध्ये फार लोकप्रिय असलेला पाद्री म्हटलं की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे इथल्या डायोसीसने, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्मप्रांताने, २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या सुमाराच्या एका सभेला माइक मीच लावले होते, आणि एकेक माणूस उठून काय बोलला ते हेडफोनवर ऐकलं होतं. ते कानातून जात नाही. त्यामुळे इथे मी कोणाला प्रमाणपत्र देत नाहीये. त्या दिवशी जे पाहिलं-ऐकलं तेवढं लिहितोय.

सकाळी वायर टाकताना लक्षात आलं की शवपेटी नेहमीपेक्षा उलटी ठेवलीय. एरवी पाय वेदीकडे असतात. पाद्र्याचं डोकं वेदीकडे ठेवतात, म्हणजे आयुष्यभर तो जसा लोकांकडे तोंड करून उभा राहिला तसाच शेवटीही. इतकी वर्षं ही कामं करून मला हे ठाऊक नव्हतं.

मास झाल्यावर जिममध्ये गेलो तर टेबलावर रेकॉर्डचा खोका तयार. सगळ्या ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, सात इंची. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘जलद’ नाहीतर ‘संथ’, आणि कोपऱ्यात एक आकडा. दोन जलद, मग एक संथ, असा तो क्रम होता. एका पाकिटावर ‘ट्विस्ट’ लिहून खोडलं होतं आणि शेजारी ‘जलद’. मी ते निरखत होतो तेवढ्यात एक उंच आजोबा हसायलाच लागले. १९६२ साली इथले बिशप जोसेफ बर्क यांनी कॅथलिक शाळांच्या आणि पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कार्यक्रमांत ट्विस्ट या कंबर वळवत करायच्या नाचाला बंदी घातली होती. आजोबा म्हणाले, फादरनी ते माइकवरून गंभीरपणे सांगितलं, खिशातून पेन्सिल काढली आणि सगळ्यांसमोर हा शब्द खोडला. "रेकॉर्ड तीच वाजली. आमचे पाय तेवढे जरा कमी वळले."

मग मला माझी चूक कळली. ४५ च्या रेकॉर्डला मध्ये दीड इंची भोक असतं आणि माझ्या टर्नटेबलची दांडी बारीक. मध्ये बसवायची प्लास्टिकची चकती मी घरी विसरलो होतो. दीडशे माणसं प्लेटा घेऊन बसलेली आणि मी गॅफर टेपची गुंडाळी करून दांडीवर चढवतोय. बसली, पण केसभर बाजूला. त्यामुळे सूर लाटेवर असल्यासारखा वरखाली व्हायला लागला. माझा चेहरा पडला. आजोबा म्हणाले, "असू दे. तेव्हाही असंच वाजायचं."

त्यांच्याकडूनच बाकीचं कळलं. आत शिरताना बूट काढायचे, कारण जिमच्या लाकडी फरशीचं व्हार्निश खराब होतं. एकदा बाहेर गेलात की परत आत नाही, कारण पार्किंगमधल्या गाड्यांत बिअर असायची. दाराशी तिकिटांना मुलांच्या आयाच बसायच्या आणि दार सताड उघडं. (ही शेवटची गोष्ट मी कान टवकारून ऐकली.) ‘दोघांच्या मध्ये पवित्र आत्म्याला जागा ठेवा’ असंही फादर म्हणत म्हणे, पण ते वाक्य अमेरिकेतल्या यच्चयावत कॅथलिक शाळांच्या नावावर सांगतात, तेव्हा ते काही त्यांचं स्वतःचं नसावं.

फोन करणाऱ्या आजी मात्र इतका वेळ गप्प होत्या. त्या बोलायला उठल्या तेव्हा मी त्यांच्या हातात माइक दिला. हात थरथरत होता, म्हणून स्टँड आणून लावला.

त्यांनी शू डान्सचं सांगितलं. मुलींनी एकेक बूट मधोमध टाकायचा. मुलांनी ढिगातला एक उचलायचा आणि मालकीण शोधून तिच्याबरोबर नाचायचं. कुणी भिंतीला चिकटून राहू नये म्हणून फादरनी लावलेली ही युक्ती. आजींचे वडील स्टीलच्या कारखान्यात होते, घरात सहा भावंडं. त्यांचे बूट मोठ्या बहिणीचे, तळ झिजून भोक पडलेलं, आत नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घातलेला. "टाकला असता तर पुठ्ठा सगळ्यांसमोर बाहेर पडला असता," त्या म्हणाल्या. त्या बूट छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. फादर स्टेजवर होते. त्यांनी इकडे पाहिलंसुद्धा नाही, निदान आजींना तसं वाटलं. माइक उचलला आणि म्हणाले, "आज मुलं बूट टाकतील."

मुलांनी आरडाओरडा केला, पण टाकले.

"त्यानंतर कायमच मुलं टाकत आली. माझं लग्न लावायला फादर आले तेव्हा मी विचारलंच, नियम का बदललात? म्हणाले, मुलांच्या मोज्यांना किती भोकं आहेत ते मोजायचं होतं."

जिममध्ये हशा पिकला. मी मात्र हसता हसता फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर करायचं विसरलो आणि पुढची दोन वाक्यं मागच्या रांगांना ऐकूच गेली नाहीत.

मग त्यांनी मला संथ रेकॉर्ड लावायला सांगितली. सूचना कुणीच दिली नाही, तरी बूट निघायला लागले. पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं. कुणाला वाकता येत नव्हतं. एका आजोबांनी गुडघ्यावर बसून बायकोच्या बुटाची नाडी सोडली आणि मग त्यांना उठवायला दोघं लागले. फरशी घसरडी, पायात मोजे. शाळेच्या केअरटेकरने तर कपाळाला हात लावला. सगळ्यांची तयारी होईपर्यंत रेकॉर्ड अर्धी संपली होती. मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

आजी खुर्चीवर बसल्या. उजव्या पायातला काळा, नवा, चांगल्या चामड्याचा बूट काढला. उलटा करून तळ एकदा पाहिला. आणि फेकला. नीट मध्यावर.