खोक्यावर न लिहिलेलं

नवा गेमिंग संगणक घरी आला तेव्हा पहिले काही दिवस मी त्यावर खेळलो कमी आणि त्याच्याकडे बघत बसलो जास्त. पुढे काळी काच, काचेमागे तीन पंखे, आणि पंख्यांच्या कडेकडेने रंग एकमेकांच्या पाठीमागे धावताहेत. सुटे भाग आणून संगणक स्वतः जोडायचा, असं मी दोन वर्षं नुसतं म्हणत होतो. शेवटी आळस जिंकला आणि तयार, जोडलेला, वायर लावली की सुरू असा आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोनच नावं होती, आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरचं आणि चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डचं. दोन्ही चांगली. माणसाला आणखी काय हवं?

मग एक जड गेम लावला. वीस मिनिटांत पंखे असे काही बोंबलायला लागले की आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "मिक्सर बंद कर रे, फोनवर काही ऐकू येत नाहीये." उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते पंख्यांनाही लागू आहे. खरोखर वारा ओढणारा मोठा पंखा संथ फिरतो आणि गप्प असतो. आरडाओरडा करतो तो तीच ती गरम हवा घुसळत बसलेला.

इकडे गेमही अडखळत होता. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर प्रोसेसर १०० अंशांवर. या प्रोसेसरची मर्यादाच तेवढी. तिथे पोचला की तो जळत नाही, आपणहून वेग कमी करतो आणि निवला की पुन्हा धावतो. म्हणजे ज्याचं नाव बघून मी हे खोकं उचललं होतं, तो बिचारा अर्धा वेळ दम खात उभा होता.

संगणक उघडला. काचेतून दिसणारी बाजू टापटीप होती. दुसऱ्या बाजूचा पत्रा सरकवला तर वायरींचा गठ्ठा अंगावरच आला. तो कोंबून, वरून पत्रा दाबून, स्क्रू आवळून टाकलेला. मागच्या बाजूला पंख्याची जाळी होती, चार स्क्रूंची भोकंही होती, पंखा तेवढा नव्हता. पुढे, जिथे बघणाऱ्याची नजर जाते, तिथे तीन. मागे, जिथून गरम हवा बाहेर पडायची, तिथे एकही नाही. बडा घर पोकळ वासा म्हणावं, तर वासा पोकळ असता तर निदान त्यातून हवा तरी गेली असती.

खरी गोष्ट कूलरपाशी होती. कूलर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गोल ठोकळा आणि त्यावर पंखा. सगळे भाग ज्या पाटीवर जोडतात त्या मदरबोर्डवर तो चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसतो. खुंटी दाबली की बोर्डाच्या पलीकडे तिचे पाय फाकतात आणि टक् असा आवाज येतो. मी सहज बोट लावलं तर कूलर हलला. एक कोपरा तरंगत होता. टॉर्च आत घालून पाहिलं, तर चौथी खुंटी भोकात उभी होती, पण पलीकडे गेलीच नव्हती. तीन वेळा टक् झालं होतं, चौथ्यांदा झालं नव्हतं.

कूलर काढला. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण एकावर एक ठेवले की मध्ये बारीक बारीक खाचा राहतात. त्यांत हवा अडकते, आणि उष्णता वाहून न्यायच्या कामी हवा अगदी कुचकामी. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. इथे तीन कोपऱ्यांकडे पेस्ट कागदासारखी पातळ दाबली गेली होती आणि चौथ्या कोपऱ्यात जाड ढेकूळ होऊन जशीच्या तशी बसली होती. तिथून हातभर अंतरावर, कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर, एक छोटा हिरवा स्टिकर होता: तपासणी पूर्ण. खाली पेनाने केलेली बरोबरची खूण, घाईघाईने मारलेली, शेपटी स्टिकरच्या बाहेर गेलेली.

राग यायला हवा होता. पण दिवसभर एकामागून एक यंत्रं पुढ्यात येताहेत, प्रत्येकाला चार खुंट्या, आणि कुणीतरी मागून हाक मारतंय, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं आणि रागाला धार चढेना. शिवाय तीन खुंट्या त्याने नीट लावल्या होत्या. जुनी पेस्ट पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवी ठेवली, चारही खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. टक्, टक्, टक्, टक्. तोच गेम, तोच वेळ, आणि प्रोसेसर ८४ वर.

इथे थांबायला हरकत नव्हती, पण एकदा झाकण उघडलं की माणूस थांबत नाही. पुढची काच काढून गेम चालवला. आणखी आठ अंश कमी. काच लावली, पुन्हा वर. बाजूने जेमतेम बोटभर फट, आणि तिच्यातून तीन पंख्यांनी श्वास घ्यायचा. हे म्हणजे नाक दाबून पळायला सांगणं झालं. शेवटी फर्निचरच्या पायांना लावतात ते रबरी बुटके काचेच्या चार कोपऱ्यांत चिकटवून काच थोडी पुढे काढून बसवली. दिसायला पडवीच्या छपरासारखी दिसते. दिसू दे.

मागच्या रिकाम्या जाळीला १२० मिलीमीटरचा एक साधा, बिनदिव्याचा पंखा लावला. तो मी पहिल्यांदा उलटा बसवला, हे लपवण्यात अर्थ नाही. पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, आणि नसेल तर ज्या बाजूला आधाराच्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. हे माहीत असूनही. पातळ कागदाचा तुकडा जाळीपाशी धरला तर तो उडायच्या ऐवजी जाळीला चिकटला, तेव्हा कळलं.

रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची, चोरी मात्र कागदोपत्री कुठेही पकडता येणार नाही अशी. १६ जीबी म्हणाले होते, १६ जीबी होती. एकाच पट्टीत. प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला दोन रस्ते दिलेले असतात, प्रत्येक ६४ बिटांचा. एकच पट्टी लावली की एक रस्ता बंद आणि सगळी वाहतूक दुसऱ्यावरून. आठ-आठच्या दोन पट्ट्या लावल्या असत्या तर बेरीज तीच आणि रस्ते दुप्पट. वर आणखी, पट्टीवर ३२०० लिहिलेलं आणि विंडोजचा टास्क मॅनेजर दाखवतोय २४००. छापील वेग मिळवायला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत, एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो. मी बायोसची पानं दोनदा उलटीसुलटी केली. पर्यायच नव्हता. खोटं कुणीच बोललेलं नव्हतं. फक्त जे विचारलं नाही ते सांगितलं नव्हतं. दोन पट्ट्यांची जोडी आणली. ग्राफिक्स कार्डच जिथे दमतं अशा गेममध्ये फारसा फरक पडला नाही, पण गर्दीच्या प्रसंगात मध्येच बसणारे हिसके गेले. मला त्या हिसक्यांचाच राग होता.

हार्डडिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी टाकली, त्याबद्दल काय बोलायचं, ते आता सगळ्यांना माहीत आहे.

आता खरी गंमत. थंड झालेला प्रोसेसर पहिल्यांदाच पूर्ण वेगाने धावायला लागला, आणि तिसऱ्या दिवशी ऐन रंगात आलेल्या खेळात संगणक फट्‌दिशी बंद पडला. ना इशारा, ना विंडोजचा बिघाडाचा निळा पडदा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दोन संध्याकाळी गेल्यावर उलगडा झाला. आजवर प्रोसेसर तापून दम खात होता, म्हणूनच एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तरून जात होता. मी एकाचं दुखणं बरं केलं आणि दुसऱ्याचं उघडं पाडलं. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत घेऊ शकतं, वर ८ पिनांच्या वायरीतून आणखी १५० वॅट. क्षणभर त्याहूनही मोठा घास मागतं. एसएमपीएसमध्ये तेवढा दम नसेल तर तो स्वतःला वाचवायला दार लावून घेतो.

नवा एसएमपीएस निवडताना मी त्याच्यावरचं लेबल वाचायला शिकलो. मोठ्या अक्षरांतल्या आकड्याकडे बघायचं नसतं. एका ठिकाणी ५०० वॅट असं ठळक छापलेलं आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअर. गुणाकार करा, ३६० होतात. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः त्या १२ व्होल्टवर जगतात. उरलेले १४० वॅट म्हणजे घरात फार वापर नसलेली खोली.

चांगला एसएमपीएस आला, जुना काढला, आणि नव्याची २४ पिनांची जाड वायर हातात धरून मी मदरबोर्डवर तिची जागा शोधत राहिलो. जागा नव्हती. मदरबोर्ड कुठल्या भोकांवर कसायचा, वीज कुठल्या आकाराच्या प्लगने द्यायची, हे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाने ठरवून दिलं, आणि त्यात भर पडत पडत जग अजून त्याच्याच आधाराने चाललंय. या बोर्डाने मात्र स्वतःचा वेगळा संसार थाटला होता. प्लग त्यांचा, भोकं त्यांची, चालू करायच्या बटणाची वायरसुद्धा त्यांचीच. म्हणजे एसएमपीएस बदलायचा तर मदरबोर्ड बदला. साधा मदरबोर्ड घ्यायचा तर तो या कॅबिनेटमध्ये बसणार नाही, कारण मागच्या पोर्टांची पट्टी कॅबिनेटच्या पत्र्यातच कापलेली. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार?

हाच प्रोसेसर बसेल अशा सॉकेटचा साधा मदरबोर्ड आणला. पुढे काच नसलेलं, नुसत्या जाळीचं कॅबिनेट आणलं. मदतीला चौदा वर्षांचा भाचा आला. त्याने संगणक जोडतानाचे शेकडो व्हिडिओ पाहिलेत आणि स्क्रू ड्रायव्हर आयुष्यात हातात धरलेला नाही. माझं बरोबर उलट. दोघांचं मिळून एक माणूस झालं.

"मामा, आधी स्टँडऑफ मोज." मदरबोर्ड ज्यांवर उभा राहतो ते पितळी खांब. एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करू शकतो. मोजले. एक खरंच जास्तीचा होता, तो काढला. २४ पिनांचा प्लग बसवताना बोर्ड असा काही वाकला की मी डोळे मिटून घेतले. भाचा म्हणाला, "एवढा वाकतो, सगळ्यांचाच वाकतो." जुन्या एसएमपीएसची एक वायर लांबीला बरी होती, ती इथे वापरावी असं माझ्या मनात आलं, तर तो ओरडलाच. एका एसएमपीएसची वायर दुसऱ्याला बसली तरी आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग डिस्क जळते. घर पाहावं बांधून म्हणतात ते या वायरींकडे बघून पटलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग भाच्याने बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. प्रोसेसरच्या विजेचा ८ पिनांचा प्लग रिकामा. वायर मागे लोंबकळत होती. ती लावली आणि अक्षरं उमटली. बायोसमध्ये एक्सएमपी होतं. विंडोज मात्र रुसलं, कारण त्याचं लायसन्स जुन्या मदरबोर्डाशी बांधलेलं होतं. ते प्रकरण वेगळं.

मग भाचा माझ्या खुर्चीत बसला, माउस दोनदा फिरवला आणि माझ्याकडे वळला. "मामा, हा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे ना?"

"हो."

"मग ६० वर का लावलायस?"

आल्या दिवसापासून ६० वर होता. दर ७ मिलीसेकंदांना एक चित्र दाखवू शकणारा मॉनिटर दर साडेसोळा मिलीसेकंदांना एक दाखवत होता, आणि मी महिनोन्‌महिने खुंट्या, पेस्ट आणि प्लग यांच्या नावाने खडे फोडत होतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन क्लिकचं काम. यात जोडणाऱ्याचा काही दोष नव्हता.

संध्याकाळी आवराआवर केली. निघालेले भाग ठेवायला जागा हवी होती आणि जुनं कॅबिनेट रिकामं होतं. जुना बोर्ड त्याच्या जागी परत कसला, दुसरीकडे कुठे तो बसतही नव्हता. त्याचा एसएमपीएस, त्याचा कूलर, १६ जीबीची पट्टी, हार्डडिस्क, सगळं आत गेलं. काच लावली, पलंगाखाली ढकललं. भाच्याने खाली वाकून टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिला.

"मामा, हा तर पूर्ण संगणकच आहे की. यात फक्त प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नाहीये."

मी पायाने ते आणखी आत सरकवलं.