दहा दिवसांची सेवा, तीस दिवसांचं पाणी

आम्ही ख्रिस्ती सेवा म्हणून दहा दिवसांसाठी नेपाळातल्या गावांत पाण्याचे फिल्टर बनवायला जातो. भारताच्या सीमेवरच्या सोनौलीच्या कमानीखालून नेपाळात पाऊल टाकलं की पहिलं काम म्हणजे घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. दुसरं काम खिशातल्या पैशांचं. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. सीमेजवळच्या बाजारात भारतीय पैशाला 'आयसी' आणि नेपाळी पैशाला 'एनसी' म्हणतात. वाळूच्या ट्रॉलीचा भाव करताना "आयसी की एनसी?" हे आधी विचारायचं, नाहीतर हिशोब दीडपटीहून जास्त चुकतो. नोटा शक्यतो शंभराच्या आणि त्याखालच्या न्याव्यात.

महाराष्ट्रातून गोरखपूरपर्यंत रेल्वेने साधारण दीड दिवस जातो. तिथून बसने सोनौली अंदाजे ९० किलोमीटर. सीमा पायी ओलांडायची, मग भैरहवा आणि पुढे बुटवल. आमचं काम त्याच्या पूर्वेला, नवलपरासीच्या बाजूच्या गावांत असतं. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं, आधार कार्डावर विसंबू नये. परदेशात स्थायिक झालेले आपले मराठी बंधुभगिनीही अशा गटात येतात. त्यांनी लक्षात ठेवावं की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. त्यांना भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि नेपाळचा व्हिसा दोन्ही लागतं. पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामालाही परवानगी नसते, म्हणून ज्या स्थानिक संस्थेबरोबर काम करायचं तिच्याकडून कागदपत्रांची रीत निघण्याआधीच विचारून घ्यावी.

कायद्याचं सुरुवातीलाच लिहितो, कारण इथे चूक झाली तर आपण गाडीत बसून परत येतो आणि किंमत तिथली मंडळी (स्थानिक ख्रिस्ती सभा) मोजते. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. म्हणून पत्रकं न्यायची नाहीत, चौकात उभं राहून उपदेश करायचा नाही, पाण्याच्या कामाला प्रार्थनेची अट जोडायची नाही. फिल्टर कुणाला द्यायचे याची यादी मंडळी आणि वॉर्डातली माणसं मिळून करतात आणि तिच्यात सगळ्या धर्मांची घरं असतात. कायद्याचा धाक नसता तरी आम्ही असंच केलं असतं. तान्हेल्याला पाणी देताना त्याची जात-धर्म विचारायची नसते, असंच आम्ही प्रभूकडून शिकलो आहोत. मंडळीच्या घराचे, बाप्तिस्म्याचे, मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, हा नियम गटातल्या प्रत्येकाकडून निघण्याआधी कबूल करून घ्यावा.

आता काम. आम्ही बनवतो तो बायोसँड फिल्टर. कॅल्गरी विद्यापीठाचे डेव्हिड मान्झ यांनी १९९० च्या दशकात ही रचना घरगुती वापरासाठी बसवली. आत बारीक वाळूचा थर असलेली काँक्रीटची उभी पेटी, वीज नाही, बदलायची कांडी नाही. वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरांत सूक्ष्मजीवांचा थर धरतो आणि तोच पाण्यातले रोगजंतू खातो. हा थर पूर्ण धरायला ३० दिवसांपर्यंत लागतात. आपली फेरी दहा दिवसांची. म्हणजे आपण बसवलेल्या फिल्टरचं खरं शुद्ध पाणी आपण कधीच पीत नाही. हे ज्याला आधी पटलं त्याने या सेवेला यावं. पहिल्या दिवसापासून साचा, मापं आणि निर्णय स्थानिक मिस्त्रीच्या हातात ठेवायचे आणि आपण घमेली उचलायची.

महिना निवडताना फेब्रुवारीअखेर ते मार्च सगळ्यात बरा. दसैं-तिहारात (तिकडच्या दसरा-दिवाळीत) माणूस मिळत नाही आणि पावसाळ्यात वाळू सुकत नाही. पौष-माघात तराईत दाट धुकं आणि कडक गारठा असतो, काँक्रीट हळू घट्ट होतं. अशा वेळी दुसऱ्या सकाळी सवयीने साचा खोलला की पेटीच्या कडा तुटून हातात येतात. तेव्हा आणखी एक दिवस थांबलेलं बरं. बैठकीची तारीख ठरवतानाही जपावं: तिकडे सगळा व्यवहार विक्रम संवतावर चालतो. "फागुन १५" म्हणजे आपला १५ फेब्रुवारी नव्हे, तो फेब्रुवारीच्या शेवटाला पडतो.

खरी मेहनत वाळूत आहे. खडी फोडताना निघालेला चुरा सर्वांत चांगला. नदीच्या वाळूत घाण आणि जंतू आधीच असतात. माल कोरडा हवा, ओली वाळू बारीक जाळीतून पडतच नाही. चाळण्या चार: १२ मिलिमीटर, ६, १ आणि ०.७. ०.७ मधून पडते ती गाळणीची वाळू. १ आणि ६ च्या मधली बारीक खडी आणि ६ ते १२ मधली जाड खडी तळाला जाते. १ मिलिमीटरखालची वाळू पेटीच्या काँक्रीटला लागते. चाळताना तोंडाला मास्क बांधायचाच, तो धुरळा फुफ्फुसात बसतो. नेपाळीत चाळणीला 'चाल्नो', वाळूला 'बालुवा', आणि पुरे झालं की 'पुग्यो'. मराठी माणसाला पहिल्याच दिवशी अर्धी साईट समजते. मुख्य मिस्त्रीला 'दाइ' (दादा) आणि वाळू धुणाऱ्या बायांना 'दिदी' म्हणावं, नावाने हाक मारू नये.

एका पेटीला १२ लिटर सिमेंट, २४ लिटर वाळू, १२ लिटर बारीक खडी, १२ लिटर जाड खडी, आणि पाणी ७ ते १० लिटर. मापाला एकच बादली ठेवायची. पाणी एकदम ओतायचं नाही. माल सैल झाला की ओतायला सोपा जातो, पण पेटी पुढे झिरपते. साचा लोखंडी असतो. त्याला आतून खाद्यतेल लावायचं. इंजिनाचं जळकं तेल अजिबात नाही, त्या पेटीतलं पाणी लेकरं पिणार आहेत.

पेटी उलटी ओतली जाते, तळ वर. बाहेर येणारी ६ मिलिमीटर पोटाची नळी भिंतीच्या जाडीतच बसते, तिची दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करायची. इथेच सर्वांत जास्त पेट्या वाया जातात. पट्टी सुटली तर सिमेंट नळीत शिरतं, आणि ते दुसऱ्या दिवशी साचा खोलून नळीत फुंकल्यावरच कळतं. माल थराथराने टाकत सळईने कोचायचा आणि साच्याला बाहेरून रबरी हातोडीने ठोकत राहायचं. वर बुडबुडे येतात तोवर हात थांबवायचा नाही. ठोकणं कमी पडलं की भिंतीत मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. दुसऱ्या दिवशी साचा सुलटा करून आतला गाभा स्क्रूने हळूहळू खेचायचा. मग पेटीला किमान पाच ते सात दिवस पाणी मारायचं, भरून ठेवायची आणि बाहेर ओला डाग दिसतो का ते बघायचं. रिकामी पेटीच ७० किलोच्या पुढे असते, त्यामुळे ती हलवायला चार माणसं आणि जाड दोर हवेत. सिमेंटचा माल उघड्या हाताने कालवू नये. संध्याकाळपर्यंत कातडी सोलते आणि पुढचे आठ दिवस वाया जातात.

ओतणं सुरू केलं की मधे थांबता येत नाही, आणि तिकडे दाल-भाताची मोठी जेवणं दोनच, सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री. म्हणून पहाटे चहा घेऊन ओतायला लागायचं किंवा जेवण उरकून, पण साडेनऊला माल कालवायचा नाही. यजमान माउली ताट वाढून बसलेली असते आणि इकडे घमेल्यात माल आवळत जातो. ताटातलं उष्टं दुसऱ्याला देऊ नये, त्याला ते 'जुठो' म्हणतात. आपल्या आज्यांचीही हीच शिस्त होती.

दोन साचे असतील तर दिवसाला दोन पेट्या होतात. पाणी मारायचे दिवस धरले तर दहा दिवसांत पहिल्या चार-सहाच आपल्या डोळ्यांसमोर बसतात. बसवताना पेटी घराच्या आत, सपाट जागी, पाणसळ लावून ठेवायची. तळाला ५ सेंटिमीटर जाड खडी, वर ५ सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर सुमारे ५५ सेंटिमीटर धुतलेली वाळू. वाळू नेहमी पाण्यात टाकायची: आधी पाणी, मग वाळू, नाहीतर आत हवेच्या पोकळ्या राहतात.

मग खूण केलेली काठी उभी धरून मोजायचं. पाणी गळायचं थांबल्यावर वाळूवर ५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. कमी असेल तर थर सुकून मरतो, जास्त असेल तर त्याला प्राणवायू पोहोचत नाही. वाहण्याचा वेगही मोजायचा. वरचा १२ लिटरचा कप्पा काठोकाठ भरलेला असताना १ लिटरला अडीच मिनिटं लागली पाहिजेत. त्याहून लवकर भरलं तर वाळू जास्त धुतली गेली आणि तिच्यातला बारीक भाग वाहून गेला. फार उशिरा भरलं तर ती अजून मातकट आहे. दोन्ही वेळा वाळू काढून पुन्हा भरायची. अशा वेळी मिस्त्री दाइ 'चलता है' म्हणत नाही, आपणही म्हणू नये.

घरच्या दिदीला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण कडक आहेत. पाणी नेहमी एकाच स्रोताचं. दोन भरण्यांत निदान एक तास जाऊ द्यायचा, ४८ तासांपेक्षा जास्त नाही. वरून क्लोरीनचं पाणी कधीच घालायचं नाही, त्याने थर मरतो; औषध टाकायचं तर खालच्या भांड्यात. नळीला तोटी किंवा पाइप जोडायचा नाही. तोटी बंद केली की आतलं पाणी वर चढतं, पाइप जोडला की सगळं ओढून वाळू कोरडी पडते. नेमकी हीच सुधारणा घरचा हौशी मुलगा आपण गेल्यावर करतो, म्हणून समजावताना त्याला समोर बसवावं. पहिले ३० दिवस पाणी उकळूनच प्यायचं. पुढे वेग मंदावला की वरचं पाणी हाताने ढवळून गढूळ तेवढं मगाने काढून टाकायचं, बास.

एक इशारा द्यायलाच हवा. नवलपरासीतल्या कित्येक हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे आणि वाळूचा हा फिल्टर ते काढत नाही. वर ५ किलो लोखंडी खिळे घातलेला एक प्रकार नेपाळसाठी तयार झाला आहे. खिळे गंजतात आणि तो गंज आर्सेनिक धरून ठेवतो, पण गुण पाण्यागणिक बदलतो. म्हणून आधी पाण्याची तपासणी, मग साचा. जिथे आर्सेनिक निघालं तिथे आम्ही पेटी ओतत नाही, दुसरा स्रोत शोधायला स्थानिक जाणकारांच्या मागे उभं राहतो. हौसेपायी तिथेही पेटी बसवली तर लोक विष निर्धास्तपणे पितील.

शनिवारी काम बंद. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं, 'जयमसीह' म्हणून हात जोडायचे. तिथेही सभेला 'मण्डली'च म्हणतात आणि लिपी आपलीच, त्यामुळे भजनाच्या कागदावर बोट ठेवत गाता येतं. प्रार्थना सगळे एकदम मोठ्याने करतात. मादल (नेपाळी ढोलकं) वाजायला लागला की परकेपणा कुठल्या कुठे जातो. बोलायला उभं केलं तर पाच मिनिटांत साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव) आटोपावी. मंडळीचा पाळक त्यांचा आहे आणि ते घर त्याचं आहे.

निघताना साचे, चाळण्या, मापाची बादली, खूण केलेली काठी तिथेच ठेवायची. रोख मदत एकेकाच्या हातात द्यायची नाही; प्रत्येक घराने वाळू वाहून आणि धुऊन आपला वाटा आधीच घातलेला असतो. मिस्त्रीजवळ एक वही राहते. तिच्यात पेटीचा क्रमांक, बसवल्याची मिती, १ लिटरला लागलेले सेकंद, ५ सेंटिमीटर पाणी आहे की नाही, खालचं भांडं झाकलेलं आहे की नाही. एकतिसाव्या दिवशी तो आणि मंडळीतली एक दिदी घरोघर जातात. त्या रात्री वहीच्या पानाचा फोटो फोनवर येतो: क्रमांक ३, १५५ सेकंद, पाणी ५, भांडं झाकलेलं. क्रमांक ४, नळीला पाइप, काढला, पुन्हा ३० दिवस.