मशीन तेच, कंट्रोल नवं

रविवार, रात्री

माझ्या छोट्या मिलिंग मशीनने आज लिनक्ससीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून मशीन चालवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर, पहिला खरा जॉब काढला. ॲल्युमिनियमची तळहाताएवढी प्लेट, मधे गोल पॉकेट, चार कोपऱ्यांत भोकं. व्हर्निअर लावला तर मापं पूर्वी यायची तशीच आली. यायलाच हवीत. स्क्रू, मोटरी, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर, सगळं जुनंच आहे. तरी या बदलामागे इतक्या सुट्ट्या घालवल्या, आणि मला तो प्रत्येक दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. का, ते आजच लिहून ठेवते.

माक 3 या आधीच्या, विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने मशीन चालवणं, शिकले. झिरो कसा घ्यायचा, फीड कधी कमी करायचं, हे सगळं त्याच स्क्रीनवर. त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण पॅरलल पोर्टसाठीचा, म्हणजे कॉम्प्युटरमागच्या 25 पिनांच्या सॉकेटसाठीचा, त्याचा ड्रायव्हर प्रोग्रॅम 32 बिटच्या विंडोजवरच चालतो, म्हणून एक्सपीचा जुना कॉम्प्युटर जपत बसावं लागत होतं. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 लाच संपला. तो नेटला जोडायची सोय नाही, प्रत्येक फाइल पेन ड्राइव्हवरून न्यायची, आणि अलीकडे हार्ड डिस्कचा आवाजही बदलला होता.

ग्रबल या दुसऱ्या कंट्रोल प्रोग्रॅमचाही विचार केला होता. अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर बसतं, स्वस्त आहे, पल्स (मोटरला एकेक पाऊल टाकायला लावणारे विजेचे ठोके) त्या बोर्डावरची चिपच काढते, कॉम्प्युटरने फक्त ओळी पाठवायच्या. नव्याने मशीन बांधणाऱ्याला मी आजही तेच सांगेन. माझ्याकडे मात्र 25 पिनांच्या केबलवर चालणारी ड्रायव्हरची पेटी धडधाकट होती, ती काढून टाकणं जिवावर आलं. शिवाय मशीनच्या आत काय चाललंय ते मला बघायचं होतं.

लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेत आहे. 1990 च्या दशकात तिथे हे कंट्रोलर घडलं, आणि सरकारी काम म्हणून सगळ्यांना खुलं राहिलं. जी-कोडची, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची, जी बोली निस्टने लिहून काढली, तीच पुढे माक 3 ने आणि ग्रबलनेही धरली. म्हणून माझ्या जुन्या फाइली जवळजवळ जशाच्या तशा चालल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला लेटन्सीवर, म्हणजे ठरल्या वेळेला कॉम्प्युटर किती उशीर करतो त्यावर. पल्स सॉफ्टवेअरमधूनच काढायच्या, तर कॉम्प्युटर वेळेला किती पक्का आहे यावर सगळी भिस्त. लेटन्सी टेस्ट लावायची आणि मग कॉम्प्युटरला मुद्दाम छळायचं: खिडक्या उघडायच्या, मोठ्या फाइली कॉपी करायच्या, स्क्रीनवर फिरणारे गिअर चालू ठेवायचे. जास्तीत जास्त जिटर (वेळेतली चूक) 15 ते 20 हजार नॅनोसेकंदांच्या आत राहिला की काम उत्तम. माझा आकडा सुरुवातीला याच्या बराच वर होता. बायोसमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग आणि वीज वाचवणाऱ्या सोयी बंद केल्या, तेव्हा तो खाली बसला. नव्या, वेगवान लॅपटॉपपेक्षा जुना डेस्कटॉप इथे बहुधा सरस ठरतो, कारण लॅपटॉप पंखा-बॅटरीच्या कामासाठी अधूनमधून ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारताच प्रोसेसर ताब्यात घेतो. त्या क्षणी पल्स चुकते.

वेगाचं गणित एकदा कागदावर केलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. फेरीला 200 स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे 8 मायक्रोस्टेप, स्क्रूचा पिच 5 मिमी, म्हणजे मिलिमीटरला 320 पल्स. बेस पिरियड (पल्स काढणाऱ्या कामाची एक फेरी) 25 मायक्रोसेकंद आणि दर दोन फेऱ्यांना एक पल्स धरली तर सेकंदाला 20,000 पल्स मिळतात, म्हणजे मिनिटाला 3750 मिमी. माझ्या मोटरी त्याच्या कितीतरी आधीच दमतात. पल्ससाठी वेगळं कार्ड घ्यावं का, हा प्रश्न तिथेच मिटला. आधी हे गणित करावं आणि मग खरेदी, असं माझं ठाम मत आहे.

पण मी खरी भारावले ती हॅलमुळे, म्हणजे लिनक्ससीएनसीच्या आतल्या जोडण्यांच्या भागामुळे. यात पोर्टच्या प्रत्येक पिनला, प्रत्येक सिग्नलला नाव असतं, आणि कुठली तार कुठे जाते ते साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. स्पिंडल चालू असताना मधेच लिमिटचा (हद्दीवरचा स्विच दाबला गेल्याचा) एरर येऊन मशीन थांबायचं, हे माझं जुनं दुखणं. स्विचला कुणी हातही लावलेला नसायचा. यावरचा रूढ उपाय म्हणजे डीबाउन्सचा (सिग्नल किती वेळ टिकला तर खरा धरायचा त्याचा) आकडा वाढवत जायचा. या वेळी लिमिटची पिन हॅलस्कोपवर, म्हणजे सिग्नलची रेघ काढून दाखवणाऱ्या खिडकीत, घेतली. स्पिंडल बंद, तर रेघ सपाट. स्पिंडल सुरू केला आणि रेघेवर बारीक बारीक काटे उठले! सर्व्हो थ्रेडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या संथ फेरीत, सेकंदाला 1000 वेळा बघितलं तर त्यातले बरेच निसटतात. बेस थ्रेडवर, म्हणजे वेगवान फेरीत, 40,000 वेळा बघितल्यावर खरा पसारा दिसला. लिमिटची तार स्पिंडलच्या केबलला चिकटून धावत होती. ती दुसऱ्या बाजूने नेली, शील्डची केबल वापरली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं. काटे गेले. डीबाउन्स त्यानंतर लावला, आणि तोही थोडासाच. इतकी वर्षं अंदाजाने झगडत होते, ते दुखणं असं समोर रेघेत दिसलं तेव्हा मला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या.

कोपऱ्यांचंही बरं झालं. जी64 या हुकमापुढे पी0.02 लिहिलं की वेग राखताना वाट 0.02 मिमीपेक्षा जास्त सुटायची नाही, असं सांगता येतं. पॉकेटच्या कडा बघून समाधान वाटलं.

दुपारी मामा येऊन गेला. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप, सगळं आयुष्य मशीनवर गेलेलं. स्क्रीनकडे त्याने बघितलंही नाही. पहिला प्रश्न, "लाल बटण दाबल्यावर काय होतं गं?"

मी सांगितलं, "कॉन्टॅक्टर पडतो आणि मोटरींची, स्पिंडलची लाइन तुटते. कॉम्प्युटरला फक्त कळतं, पिन 10 वरून."

"मग कॉम्प्युटर अडकला तर?"

"तरी लाइन तुटतेच, मामा."

त्याने स्वतः दाबून बघितलं, दोनदा, आणि मगच खुर्चीत बसला. हे तो विचारणार याची खात्री होती, आणि त्याने विचारलं याचा आनंद झाला. कंट्रोल कुठलंही असो, ते बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडायचं नाही हे मला त्यानेच शिकवलंय.

त्याच्याकडच्या एका पोराचंही असंच छोटं मशीन आहे. त्याला माझ्या फाइली हव्या आहेत. हॅल फाइल पाठवते, त्याची पेटी माझ्यासारखीच आहे, पिना जुळतील. मिलिमीटरच्या पल्स त्याने स्वतःच्या स्क्रूचा पिच बघून घालाव्यात आणि डायल लावून तपासाव्यात. बेस पिरियडचा आकडा मात्र मी फाइलीतून काढूनच पाठवणार आहे. तो त्याने त्याच्या कॉम्प्युटरवर, टेस्ट लावून, स्वतः मोजायचा.